पोलिसांपुढचा जबाब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली असल्याचे पोलिसांनी सांगितले’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी वर्तमानपत्रात आपल्या वाचनात येते. ते वाचले की वाचकाच्या मनातला खटला तेथेच निकालात निघतो. पुढे चार-पाच वर्षांनी तोच आरोपी निर्दोष सुटला, की हाच वाचक न्यायालयाच्या नावाने बोटे मोडतो. ‘कबूल केले होते ना? मग सुटला कसा?’ हा प्रश्न मला एसटीच्या प्रवासात विचारला गेला आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या बैठकांतही विचारला गेला आहे. त्याचे सरळ उत्तर असे, की वर्तमानपत्रातली ती कबुली न्यायालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. ती का नसते, आणि नसूनही माणसाला फासापर्यंत कशी नेऊ शकते, या दोन गोष्टी आज आपल्याला समजून घ्यावयाच्या आहेत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने सांगितले, की पोलीस अधिकाऱ्यापुढे केलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. २६ व्या कलमाने त्यापुढे जाऊन सांगितले, की पोलिसांच्या ताब्यात असताना आरोपीने कोणाही जवळ, म्हणजे डॉक्टरजवळ, पत्रकाराजवळ, शेजारच्या कैद्याजवळ दिलेली कबुलीही चालणार नाही. अपवाद फक्त प्रत्यक्ष दंडाधिकाऱ्याच्या समक्ष दिलेल्या कबुलीचा. १ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून ही कलमे आता त्याच्या २३ व्या कलमात एकत्र आली आहेत. क्रमांक बदलले, तत्त्व बदललेले नाही. २००३ साली मळीमठ समितीने अशी शिफारस केली होती, की पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने चित्रमुद्रणासह घेतलेला कबुलीजबाब सर्वच खटल्यांत ग्राह्य धरावा. नव्या कायद्याने ती स्वीकारलेली नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

साक्षीदारांच्या जबाबाचीही अशीच गोष्ट आहे. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सांगणाऱ्याची सही घ्यावयाची नसते, आणि साक्षीदाराने न्यायालयात वेगळे सांगितले तर विसंगती दाखविण्यापुरताच त्याचा उपयोग करता येतो. आपल्या खेड्यापाड्यांत मात्र ‘सही कर आणि घरी जा’ हाच कायदा चालतो.

आता कोणी म्हणेल, की पोलिसांवर एवढा अविश्वास दाखविणारा हा नियम एखाद्या क्रांतिकारकाने लिहिला असावा. तो लिहिला ब्रिटिश राज्यकर्त्यांनी. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने अहवाल दिला, की सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी रयतेचा छळ करणे ही तेथे रूढ पद्धत होऊन बसली आहे. आपल्या नाशिककडेही त्याच दशकात कबुलीसाठी झालेल्या छळात एका आरोपीचा अंत झाल्याचे प्रकरण गाजले होते. या पार्श्वभूमीवर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढच्या कबुलीला प्रथम बंदी आली, आणि तेथून ती जेम्स फिट्सजेम्स स्टीफनने रचलेल्या पुरावा कायद्यात गेली. हा स्टीफन काही लोकशाहीवादी नव्हता. मजबूत हाताने राज्य करावे या मताचा तो गृहस्थ. परंतु उन्हात पुरावा हुडकीत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून संशयिताच्या डोळ्यांत तिखट घालणे पोलिसाला सोयीचे वाटते, हे एका अनुभवी अधिकाऱ्याचे सांगणे त्याने पुढे नोंदवून ठेवले आहे. या नियमाचे सारे मर्म त्यात आले. कबुलीला न्यायालयात भाव आला की तपास ठाण्याच्या आत होऊ लागतो. तो काढून घेतला तर फौजदाराला बाहेर पडून पुरावा शोधणे भाग पडते.

या नियमाची एक कठीण बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तेव्हाच्या बिहारमधील रांचीकडचा एक खटला आला. एक आदिवासी इसम स्वतः होऊन पोलीस ठाण्यात गेला आणि आपण आपल्या नात्यातील चार जणांचे खून केल्याची फिर्याद त्याने दिली. त्याला कोणी मारले नव्हते, पकडलेही नव्हते. खालच्या न्यायालयांनी त्या फिर्यादीच्या आधारे त्याला फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली ही फिर्यादीच्या रूपाने आली तरी कबुलीच असते. वस्तू दाखवून देण्यासंबंधीचा भाग वगळता तिच्यातील एक वाक्यही वापरता येणार नाही, हेतू किंवा पूर्वतयारी सांगणारा मजकूरसुद्धा नाही. उरलेला पुरावा अपुरा होता. आरोपी सुटला.

हे ऐकून तुमच्यापैकी काही जण अस्वस्थ झाले असतील. व्हावयासच पाहिजे. चार माणसे मेली होती. परंतु स्वेच्छेने दिलेली कबुली चालेल आणि छळाने घेतलेली चालणार नाही असा नियम केला, तर उद्या प्रत्येक ठाण्यातून स्वेच्छेनेच दिलेली कबुली बाहेर पडेल. छळ झाला हे कोण सांगणार? आरोपी. ऐकणार कोण? आणि साक्षीला कोण येणार? ज्या खोलीत ही गोष्ट घडते तिच्या आत एक बाजू सर्वस्वी बलवान आणि दुसरी सर्वस्वी निराधार असते. म्हणून कायद्याने स्वेच्छा तपासण्याच्या भानगडीत न पडता सरसकट दार बंद केले. खरोखर पश्चात्ताप झालेल्या माणसासाठी दंडाधिकाऱ्याचे दार उघडे आहेच. तेथे दंडाधिकाऱ्याने त्याला सांगावे लागते, की कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. तो नको म्हणाला तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही. ही शेवटची तरतूद फार मोलाची आहे आणि आरोपींना तिची सर्वांत कमी माहिती असते.

समोरचे दार असे बंद असले, तरी भिंतीत एक खिडकी ठेवलेली आहे. जुने २७ वे कलम आणि आजच्या २३ व्या कलमाचे परंतुक म्हणजे ती खिडकी. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादे तथ्य उघडकीस आले, तर त्या तथ्याशी स्पष्टपणे निगडित असलेला, तेवढाच भाग शाबीत करता येतो. यामागचा विचार असा, की वस्तू प्रत्यक्ष सापडली म्हणजे माहिती खरी असल्याची काही हमी मिळते.

खिडकी किती रुंद, हे १९४६ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात सांगितले. निकाल लिहिणारे सर जॉन बोमाँट हे पूर्वी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी दिलेला सुऱ्याचा दाखला आजही रोज न्यायालयांत सांगितला जातो. घराच्या छपरात लपविलेला सुरा काढून देतो, असे आरोपी म्हणाला आणि सुरा निघाला, तर शोध सुऱ्याचा लागला नाही. सुऱ्याचा शोध माणसाने फार पूर्वीच लावला आहे. शोध लागला तो एवढाच, की त्या छपरात सुरा आहे आणि हे आरोपीला ठाऊक आहे. ‘याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकले’ ही पुढची शब्दयोजना त्या छपरातून निघत नाही, म्हणून ती पुराव्यात येत नाही. सुरा त्या गुन्ह्यात वापरला होता हे सरकार पक्षाने निराळ्या पुराव्याने सिद्ध करावे.

तत्त्व निर्मळ आहे. व्यवहारात काय होते? तालुक्याच्या न्यायालयात बसून पाहा. प्रत्येक खटल्यात एक मेमोरँडम पंचनामा असतो. त्यातील आरोपी, मग तो भिल्ल असो, वडार असो, उत्तर प्रदेशातून आलेला गवंडी असो, एकाच सरकारी मराठीत बोलतो : ‘मी सदर गुन्ह्यात वापरलेले हत्यार लपवून ठेवलेले असून ते मी पंचांसमक्ष काढून देतो.’ सदर! आपल्या ओळखीचा कोणता शेतमजूर बोलताना ‘सदर’ म्हणतो? पंच म्हणून ठाण्यासमोरचा पानपट्टीवाला किंवा मागच्या चार खटल्यांत आलेला तोच इसम. हत्यार निघते ते पोलिसांनी पूर्वीच पाहिलेल्या झुडपातून. काही खटल्यांत सगळा डोलारा या एका कागदावर उभा असतो. २०२२ साली उत्तर प्रदेशातील एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने हीच पद्धत तपासली. पंच आधी बोलवावेत, त्यांच्यासमोर आरोपीने सांगावे, आणि जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहावे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच्याच शब्दांत, हे दोन शब्द प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले आहे. मग हे २७ वे कलम घटनेत बसते काय? हा प्रश्न १९६१ साली ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात अकरा न्यायाधीशांपुढे आला. उत्तर मिळाले, की बसते. आरोपी कोठडीत होता एवढ्यावरून सक्ती झाली असे म्हणता येत नाही, सक्ती झाली की नाही हे प्रत्येक खटल्यातील वस्तुस्थितीवरून ठरेल. न्यायालयाविषयी पूर्ण आदर राखून मला असे वाटते, की कोठडी आतून कशी असते हे या निकालात पुरेसे उतरलेले नाही. १९७८ साली नंदिनी सत्पथी खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र त्या खोलीत डोकावून पाहिले. गप्प राहण्याचा हक्क न्यायालयात नव्हे, तर पोलिसांच्या पहिल्या प्रश्नापासूनच सुरू होतो आणि चौकशीच्या वेळी वकिलाची सोबत मागता येते, असे त्यांनी म्हटले. आरोपी माजी मुख्यमंत्री होती, तिला वकील होते, म्हणून हा हक्क कायद्याच्या पुस्तकात आला. आज अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कायद्यात आहे, परंतु सबंध चौकशीभर वकील शेजारी बसणार नाही, असेही तेथेच लिहिले आहे.

आता या भाषणाचा खरा विषय. जो नियम सामान्य चोरीच्या खटल्यात पाळला जातो, तो जेथे माणसाचा जीव पणाला लागतो नेमका तेथेच बाजूला ठेवण्याची प्रथा आपल्या देशात पडली. १९८७ च्या टाडा कायद्याच्या १५ व्या कलमाने पोलीस अधीक्षकापुढची कबुली ग्राह्य ठरविली. १९९४ साली कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती तरतूद टिकविली. टाडा १९९५ साली संपला, त्याची सावली २००२ च्या पोटामध्ये आली आणि २००४ साली पोटाही रद्द झाला. दोन्ही कायदे गेले. पण १९९९ साली महाराष्ट्राने केलेला संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, ज्याला आपण मोक्का म्हणतो, तो आहे तेथेच आहे, आणि त्याच्या १८ व्या कलमाखाली पोलीस उपायुक्ताने घेतलेली कबुली आजही पुरावा होते. गंमत पाहा : दहशतवादाविरुद्धच्या केंद्राच्या यूएपीए कायद्यात अशी तरतूद नाही. जामिनाच्या बाबतीत इतक्या कठोर असलेल्या त्या कायद्यालाही तिची गरज वाटली नाही.

मोक्काखालची कबुली कशी असते? ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. कामावरून घरी परतणारी १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवून त्यांपैकी पाच जणांना फाशी दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व जणांना निर्दोष ठरविले. एक आरोपी तोवर तुरुंगातच वारला होता. निकालातील मोठा भाग कबुलीजबाबांविषयी आहे. निरनिराळ्या अधिकाऱ्यांनी निरनिराळ्या आरोपींचे घेतलेले जबाब काही ठिकाणी शब्दशः सारखे होते. ते छळाने घेतले गेल्याचे आरोपींनी दाखवून दिले, असे न्यायालयाने मानले. राज्य सरकारने ताबडतोब अपील केले. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले नाही.

येथे आपल्यापैकी कोणी आनंद मानू नये. एकोणीस वर्षे माणसे तुरुंगात राहिली, आणि एकोणीस वर्षांनी त्या १८० घरांना सांगण्यात आले, की तुमची माणसे कोणी मारली हे न्यायालयात शाबीत झालेले नाही. कबुली हाती आली की तपास थांबतो, आणि तपास थांबला की खरा गुन्हेगार निर्धास्त होतो. या नियमाला ‘आरोपींचे लाड’ म्हणणाऱ्यांनी त्या घरांकडे जाऊन हे सांगावे.

दुसरी पळवाट ‘पोलीस’ या शब्दात आहे. जकात अधिकारी हा पोलीस नव्हे, असे न्यायालयांनी साठच्या दशकातच ठरविल्यामुळे त्याच्यापुढचा जबाब चालतो. अमली पदार्थांच्या कायद्याखालीही बरीच वर्षे तसेच चालले. २०२० साली तोफानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले, की तो अधिकारीही या कामापुरता पोलीसच आहे. परंतु २०२२ साली सक्तवसुली संचालनालयाचा अधिकारी पोलीस नाही असा निकाल झाला. तेव्हा अंगावर गणवेश नसला की माणसाला भीती वाटत नाही, असा याचा अर्थ घ्यावयाचा काय? पुढे २०२४ साली याच न्यायालयाने एवढी सवलत दिली, की त्या संचालनालयाच्या एका प्रकरणात कोठडीत असलेल्याने त्यांच्याच दुसऱ्या प्रकरणात दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध चालणार नाही.

या नियमाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. तो छळ थांबवीत नाही. छळाचे न्यायालयातील फळ तेवढे हिरावून घेतो. आणीबाणीत १९७६ साली बंगलोरला लॉरेन्स फर्नांडिस यांचे जे हाल करण्यात आले ते त्यांच्या कबुलीसाठी नव्हतेच. भाऊ जॉर्ज कोठे आहे, एवढेच पोलिसांना हवे होते, आणि त्यासाठी पुरावा कायद्याचे एकही कलम आडवे येत नव्हते. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. कोठडीत जखमा झाल्यास त्या पोलिसांनीच केल्या असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही सूचना विधी आयोगाने १९८५ साली केली होती. सबंध पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, तरी ही सूचना त्यात आली नाही. आपल्या मागण्यांच्या पत्रकात या दोन गोष्टींना जागा असावी, आणि मोक्काच्या १८ व्या कलमालाही.

परंतु ठराव होईपर्यंत अटका थांबत नाहीत. पारधी वस्तीवर पहाटे गाडी येते, संपावरच्या कामगाराला रात्री उचलतात, आणि निरोप येतो तो तुमच्याकडे. म्हणून थोडे व्यवहाराचे सांगून मी थांबतो. ठाण्यात गेल्यावर आधी अटकेची कारणे लेखी मागा. माणसाला निरोप द्या, की कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा नको. झडती आणि जप्ती आता नव्या प्रक्रिया संहितेप्रमाणे चित्रमुद्रित करावी लागते. ते मुद्रण दंडाधिकाऱ्याकडे गेले काय, हे वकिलामार्फत विचारा. कोठडीत कॅमेऱ्यासमोर वदवून घेतलेल्या कबुलीने घरच्यांनी खचून जाऊ नये. तशी, दूरचित्रवाणीवर दाखविलेलीसुद्धा, न्यायालयात चालत नाही, हे २०२२ साली कर्नाटकातील एका खटल्यात पुन्हा स्पष्ट झाले आहे. आणखी एक नवी गोष्ट ध्यानात ठेवा : पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पूर्वी पहिल्या पंधरवड्यातच संपत. आता ते गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येतात. तेव्हा न्यायालयीन कोठडी मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका.

आणि पहिल्या रिमांडला हजर राहा. चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे आणतातच. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न तेथे विचारला जातो, बहुधा मान वर न करता. आणि फौजदार शेजारी उभा असल्यामुळे बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. त्या क्षणी न्यायालयात मागच्या बाकावर ओळखीचे एखादे तोंड दिसले तर माणूस ‘आहे’ म्हणण्याचा धीर करतो. तक्रार रोजनाम्यात लिहून घ्यावयास सांगा. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक आहे आणि तिच्या अहवालाची प्रत त्याला मिळाली पाहिजे. ती प्रत मागून घ्या, तारीख आणि वेळ पाहा, आणि घरी न ठेवता वकिलाच्या हवाली करा.